थकलेला मेंटेनन्स कसा वसूल करावा : पहिल्या बिलापासून फ्लॅटच्या लिलावापर्यंत

जळगाव, धुळे, भुसावळ किंवा नंदुरबार येथील बारा-पंधरा फ्लॅटच्या इमारतीत दोघा-तिघांनी मेंटेनन्स देणे थांबवले की त्याची झळ महिन्या-दोन महिन्यांत सर्वांना लागते. बोअरवेलच्या मोटारीचे वीजबिल, एप्रिल-मे महिन्यांतले पाण्याचे टँकर, लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार आणि वॉचमनचा पगार हे खर्च कोणी पैसे दिले नाहीत म्हणून कमी होत नाहीत. ते देणाऱ्यांच्याच अंगावर पडतात. तरीही आपल्याकडे वसुलीची कारवाई फार उशिरा सुरू होते, कारण थकबाकीदार हा बहुधा नात्यातला, ओळखीतला किंवा एकाच कार्यालयातला असतो. "देसू ना भाऊ" एवढे उत्तर मिळाले, आणि त्यापुढे कापूस विकला की किंवा केळीचा चुकारा आला की असा वायदा जोडला गेला, की सेक्रेटरी पुढे काही बोलू शकत नाही. अशा वायद्यांवर दोन-तीन वर्षे सहज निघून जातात.

कायद्याने या दुखण्यावर दिलेला उपाय कडक आहे. थकबाकी न भरणाऱ्या सदस्याचा फ्लॅट जप्त होऊन त्याचा लिलाव होऊ शकतो. मात्र तो लिलाव सोसायटीची समिती स्वतः करू शकत नाही. अमेरिकेत घरमालकांच्या संघटनेला थकलेल्या वर्गणीचा बोजा घरावर चढवून, त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे न्यायालयामार्फत आणि काही राज्यांत न्यायालयाबाहेरही, ते घर विक्रीस काढता येते. मुलाकडे चार महिने राहून आलेले एखादे काका वार्षिक सभेत "आपणही तसेच करू" असे सुचवतात, तेव्हा त्यांना हा फरक समजावून सांगावा लागतो. महाराष्ट्रात सोसायटीने सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला मिळवायचा असतो, आणि त्याची अंमलबजावणी वसुली अधिकारी करतो. हा दाखला मिळणे किंवा अडणे हे सुनावणीतल्या भाषणापेक्षा सोसायटीच्या इतिवृत्त वहीवर आणि खातेवहीवर अधिक अवलंबून असते. म्हणून या लेखात लिलावापेक्षा कागदपत्रांवर जास्त भर दिला आहे.

आपली संस्था नेमकी कोणत्या कायद्याखाली आहे, हे आधी पाहावे

आपल्या बोलण्यात प्रत्येक इमारत "सोसायटी" असते; कागदोपत्री तसे नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली सहकारी गृहनिर्माण संस्था हा एक प्रकार झाला. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, नोंदवून झालेली अपार्टमेंट असोसिएशन हा दुसरा प्रकार, आणि तो आपल्या भागात पुष्कळ आढळतो. तिसऱ्या प्रकारात काहीच नोंदलेले नसते. बिल्डर हात झटकून निघून गेलेला असतो आणि चार जण मिळून वर्गणी गोळा करत असतात.

पुढे सांगितलेला वसुली दाखल्याचा मार्ग पहिल्या प्रकारासाठी आहे. अपार्टमेंट असोसिएशनसाठी १९७० च्या अधिनियमात वेगळी तरतूद आहे : सामाईक खर्चाची न भरलेली रक्कम हा त्या अपार्टमेंटवरचा बोजा ठरतो, आणि सरकारी व महापालिकेचे कर तसेच पहिल्या गहाणाची रक्कम एवढे सोडले तर इतर सर्व बोजांच्या आधी त्याचा हक्क येतो. मात्र ती रक्कम प्रत्यक्ष हाती येण्यासाठी असोसिएशनला आपल्या घोषणापत्राचा व उपविधींचा, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमांचा, आधार घेऊन, गरज पडल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागते. खर्चाची वाटणीही तेथे वेगळी असते. सहकारी संस्थेत सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान असते, तर असोसिएशनमध्ये ते घोषणापत्रात लिहिलेल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने आकारले जाते. दोन्हींची सरमिसळ केलेले बिल पहिल्याच हरकतीत उघडे पडते.

नोंदणीच नसलेल्या इमारतीने वसुलीचा विचार करण्याआधी नोंदणी करून घ्यावी. त्याला पर्याय नाही.

बिल, ठराव आणि व्याज

सदस्याने मेंटेनन्स किती द्यायचा हे समिती मनाने ठरवू शकत नाही. उपविधींत वाटणीचे निकष दिलेले असतात आणि दर सर्वसाधारण सभेच्या ठरावाने निश्चित होतात. सहकार खात्याने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे वॉचमन, सफाई, कार्यालयीन खर्च, सामाईक वीज असे सेवाशुल्क सर्व सदस्यांत समान वाटले जाते. फ्लॅट दोन बीएचकेचा असो वा तीन बीएचकेचा. मालमत्ता कर स्थानिक संस्थेने ज्याला जितका लावला असेल तितका घेतला जातो आणि पाणीपट्टी नळांच्या संख्येवर व आकारावर आकारली जाते. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के आणि निक्षेप निधी, ज्याला आपण सिंकिंग फंड म्हणतो, वार्षिक ०.२५ टक्के असा किमान दर आहे. लिफ्टचा खर्च ती ज्या इमारतीत आहे तेथील सर्व सदस्यांवर समान पडतो, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. तळमजल्यावरच्या गाळेधारकांचे "आम्ही कधी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही" हे म्हणणे खरे असते, पण त्याने त्यांची जबाबदारी टळत नाही.

फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क लावता येते, परंतु राज्य शासनाच्या २००१ मधील आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. पुण्या-मुंबईत किंवा सुरतेला स्थायिक झालेल्या मालकांवर राग काढण्यासाठी काही सोसायट्या दुप्पट मेंटेनन्स लावतात. सभेत टाळ्या मिळतात. सुनावणीत मात्र थकबाकीचा सगळा आकडाच संशयास्पद ठरतो. मालकाचे आई-वडील, मुलगा, विवाहित मुलगी असे जवळचे नातेवाईक फ्लॅटमध्ये राहत असतील तर हे शुल्क मुळीच लागत नाही.

व्याजाचा हिशेब हा तर वसुलीतला सर्वांत कच्चा दुवा आहे. आदर्श उपविधींत थकबाकीवर कमाल २१ टक्के वार्षिक दराने साधे व्याज आकारण्याची मुभा आहे. त्या मर्यादेत प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो. आपल्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींत कमी दर असेल तर तोच चालेल. "साधे" या शब्दाकडे खजिनदाराने नीट लक्ष द्यावे. एक उदाहरण घेऊ. मेंटेनन्स दरमहा १,५०० रुपये आहे, तो प्रत्येक महिन्याच्या अखेरीस देय होतो, आणि एका सदस्याने एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ अशी चोवीस महिन्यांची बिले भरलेली नाहीत. मुद्दल ३६,००० रुपये झाले. एका महिन्याच्या बिलावर २१ टक्क्यांनी दरमहा २६ रुपये २५ पैसे व्याज होते. ३१ मार्च २०२५ रोजी पहिल्या बिलावर तेवीस महिन्यांचे व्याज झालेले असते, दुसऱ्यावर बावीस महिन्यांचे, आणि शेवटच्या बिलावर काहीच नाही. हे सर्व महिने मिळवले की २७६ येतात आणि व्याज ७,२४५ रुपये होते. एकूण येणे ४३,२४५ रुपये.

हाच हिशेब अनेक ठिकाणी ३६,००० रुपयांवर दोन वर्षांचे २१ टक्के असा एका ओळीत केला जातो आणि व्याज १५,१२० रुपये दाखवले जाते, म्हणजे जी रक्कम थकलीच नव्हती तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. बाजारातून घेतलेल्या संगणक प्रणालीत दरमहा मागील व्याज मुद्दलात मिळवण्याची सोय चालू राहिली, तर येणे सुमारे ४४,२६६ रुपये दिसते. हे चक्रवाढ व्याज झाले आणि फरक हजार रुपयांच्या आसपासचा असला तरी तेवढ्यावर सदस्याचा वकील पूर्ण खातेउतारा चुकीचा असल्याचे म्हणणे मांडतो. म्हणून अर्ज करण्याआधी प्रत्येक थकबाकीदाराचा व्याजाचा तक्ता महिनावार, हाताने तपासून, कागदावर मांडावा.

सदस्याने मधल्या काळात अंशतः रक्कम दिली तर ती कधीही नाकारू नये. पावतीवर ती कोणत्या काळाच्या थकबाकीपोटी घेतली हे स्पष्ट लिहावे आणि खात्यात त्याच तारखेला जमा दाखवावी. समितीतल्या एखाद्याने रोख घेतलेली आणि पावती न फाडलेली रक्कम सुनावणीत हमखास वर येते.

समितीची स्वतःची बाजूही कायदेशीर असावी लागते. मुदत संपलेल्या समितीने केलेला ठराव, न झालेले लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरपूर्वी न घेतलेली वार्षिक सर्वसाधारण सभा या उणिवांमुळे थकबाकी माफ होत नाही, पण प्रकरण लांबवायला त्या पुरेशा ठरतात. २५० किंवा त्याहून कमी सदस्यांच्या गृहनिर्माण संस्थांना आता निवडणूक स्वतःच्या स्तरावर घेता येते, त्यामुळे आपल्याकडच्या जवळजवळ सर्वच सोसायट्यांना निवडणूक न झाल्याची सबब राहिलेली नाही.

नोटीस

२०१९ साली सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण, म्हणजे तेरा-ब, समाविष्ट झाले. त्यातल्या व्याख्येनुसार बिल किंवा मागणीची नोटीस मिळाल्यापासून अथवा देय दिनांकापासून तीन महिन्यांच्या आत रक्कम न भरणारा सदस्य थकबाकीदार ठरतो, आणि थकबाकीदाराला समितीच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. याचा अर्थ, सोसायटीने दोन वर्षे वाट पाहावी अशी कायद्याची मुळीच अपेक्षा नाही. चौथ्या महिन्यात पहिली लेखी नोटीस गेली पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर नाव टाकणे म्हणजे नोटीस नव्हे. त्याने वैर मात्र वाढते. नोटीस संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून, सेक्रेटरीच्या सहीने काढावी. ती हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, किंवा पोचपावतीसह टपालाने पाठवावी. बंद फ्लॅटच्या दाराखालून सरकवलेला कागद पोहोचला असे सिद्ध करता येत नाही, म्हणून मालकाने सदस्यत्वाच्या अर्जात दिलेला पत्ता आणि तो सध्या राहतो तो पत्ता अशा दोन्ही ठिकाणी टपाल करावे. "घर बंद" किंवा "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन पाकीट परत आले तर ते फोडू नये. तसेच बंद पाकीट शेऱ्यासह फाइलमध्ये ठेवावे, कारण तोच नोटीस पाठवल्याचा पुरावा असतो. नोटिशीचा मजकूर साधा असावा, जसे :

"आपल्या फ्लॅट क्र. ३०२ च्या खाती दि. ३१ मार्च २०२५ अखेर मेंटेनन्सची मुद्दल रक्कम रु. ३६,००० व त्यावरील व्याज रु. ७,२४५ असे एकूण रु. ४३,२४५ येणे आहे. महिनावार खातेउतारा सोबत जोडला आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरावी किंवा खातेउताऱ्याबाबत काही हरकत असल्यास ती लेखी कळवावी. तसे न झाल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ब-२९ अन्वये वसुली दाखल्यासाठी अर्ज करण्यात येईल व त्याचा खर्च आपल्याकडून मागण्यात येईल."

यात रागाचा एकही शब्द नाही हे मुद्दाम आहे. दोन स्मरणपत्रे आणि एक अंतिम नोटीस असा क्रम बहुतेक सोसायट्या पाळतात आणि तो योग्य आहे. हरकतीचे उत्तर आले तर त्याला लेखी उत्तर द्यावे, दुर्लक्ष करू नये. "माझ्या छतातून पाणी गळते, ते आधी थांबवा, मग पैसे" ही सर्वांत नेहमीची हरकत असते, विशेषतः वरच्या मजल्यावरच्या सदस्यांची. गच्चीची गळती थांबवणे हे संस्थेचेच काम आहे आणि ते केलेच पाहिजे. पण त्या कारणाने मेंटेनन्स रोखण्याचा अधिकार सदस्याला मिळत नाही. समितीने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पत्रांनी हाताळाव्यात.

पाण्याची जोडणी तोडणे, लिफ्ट अडवणे, गाडी आत येऊ न देणे हे उपाय सुचवणारा एक तरी सदस्य प्रत्येक सभेत असतो. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, एखाद्याचे पाणी बंद करणे हे माणुसकीला धरून नाही. शिवाय त्यामुळे जो वसूल करायला निघाला आहे तोच पोलीस ठाण्यात किंवा ग्राहक आयोगात उत्तर देत बसतो.

वसुली दाखल्यासाठी अर्ज

पतसंस्थांच्या थकीत कर्जांमुळे "१०१ चा दाखला" हा शब्द खानदेशात घरोघरी माहीत झालेला आहे. गृहनिर्माण संस्थाही पूर्वी त्याच कलम १०१ खाली जात असत. २०१९ पासून त्यांच्यासाठी कलम १५४ब-२९ आहे. कार्यपद्धती बरीचशी तशीच आहे, आणि कार्यालयातले लोक बोलताना अजूनही १०१ च म्हणतात. अर्जात मात्र नवे कलम लिहावे.

अर्ज तालुक्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात, विहित नमुन्यात आणि विहित फी चलनाने भरून करायचा असतो. त्यापूर्वी व्यवस्थापक समितीने त्या सदस्याचे नाव, फ्लॅट क्रमांक, रक्कम आणि अर्जावर सही करण्याचा अधिकार कोणाला दिला हे नमूद करणारा ठराव करावा. "सर्व थकबाकीदारांवर कारवाई करावी" असा मोघम ठराव कामाचा नाही. अर्जासोबत या ठरावाची प्रत, दर व व्याज ठरवणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या ठरावांच्या प्रती, नोंदणी प्रमाणपत्र व उपविधी, बिलांच्या प्रती, महिनावार खातेउतारा, नोटिसा आणि त्यांच्या पोचपावत्या, तसेच तो सदस्य असल्याचा 'आय' (I) नोंदवहीतील, म्हणजे सदस्यांच्या नोंदवहीतील, उतारा जोडावा. फ्लॅट पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असेल तर दोघांनाही जाब देणार करावे. एका सदस्याचा एक अर्ज, असे ठेवणे सोयीचे.

त्यानंतर निबंधक सदस्याला नोटीस काढतात, त्याचे म्हणणे घेतात, सुनावणी होते. येथे संस्थेतर्फे दर तारखेला कोणीतरी हजर असणे हेच मोठे काम असते. सेक्रेटरी नोकरदार असेल तर समितीतल्या एखाद्या निवृत्त सदस्याला अधिकारपत्र द्यावे. भुसावळच्या इमारतींत निवृत्त रेल्वे कर्मचारी हे काम फार चोख करतात असा अनुभव आहे. चौकशीत रक्कम खरी ठरली की दाखला मिळतो. दाखल्यात नमूद केलेली थकबाकी हा त्या रकमेचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते.

थकबाकी किती जुनी होऊ द्यावी? मुदतीच्या वादात शिरण्याची गरजच पडू नये म्हणून तीन वर्षांच्या पुढे कोणतेही बिल जाऊ देऊ नये.

दाखल्यानंतर : जप्ती आणि लिलाव

दाखला हाती आला म्हणजे पैसे आले असे नाही. अधिनियमाच्या कलम १५६ खाली अधिकार मिळालेला वसुली अधिकारी महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधील नियम १०७ प्रमाणे त्याची अंमलबजावणी करतो. तो प्रथम मागणी नोटीस देतो. तीत सांगितलेल्या मुदतीत रक्कम भरली नाही तर जंगम मालमत्तेची, आणि पुढे स्थावर मालमत्तेची, म्हणजे फ्लॅटची, जप्ती होते. बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात. दारावर जप्तीची नोटीस लागली की जो माणूस दोन वर्षे फोन उचलत नव्हता तो त्याच आठवड्यात धनादेश घेऊन येतो, आणि आपल्या गावांत तर ती बातमी नोटिशीच्या आधी भावकीत पोहोचलेली असते. तेव्हा लिलावाचे अधिकार असणे महत्त्वाचे असले तरी लिलाव होणे हे क्वचितच घडते, हे समितीने आणि सदस्यानेही लक्षात ठेवावे.

प्रकरण लिलावापर्यंत गेलेच तर फ्लॅटचे मूल्यांकन करून घेतले जाते आणि जिच्या खाली बोली स्वीकारली जाणार नाही ती अपसेट किंमत मंजूर करून घेतली जाते. विक्रीची जाहीर सूचना वसुली अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावावी लागते आणि ती लावल्यापासून किमान ३० दिवस उलटल्याशिवाय लिलाव करता येत नाही. नियमात दवंडीचीही तरतूद आहे. सर्वाधिक बोली बोलणाऱ्याने किमतीच्या १५ टक्के रक्कम जागेवरच भरायची आणि उरलेली विक्रीच्या तारखेपासून १५ दिवसांत. इतके झाल्यावरही मालकाला संधी उरते : विक्रीपासून ३० दिवसांत त्याने सूचनेतील थकबाकी, व्याज व खर्च आणि त्याशिवाय खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या ५ टक्के रक्कम जमा केली, तर तो विक्री रद्द करून घेऊ शकतो. विक्रीत गंभीर अनियमितता, चूक किंवा लबाडी झाली असेल तर त्याच ३० दिवसांत त्या कारणानेही अर्ज करता येतो. विक्री कायम झाली तर थकबाकी व खर्च वजा जाता उरलेली रक्कम मूळ मालकाचीच असते. चाळीस-पन्नास हजारांसाठी तीस लाखांचा फ्लॅट सोसायटी गिळते, हा समज त्यामुळे खरा नाही.

सूचनेची तारीख, ती लावल्याचा पंचनामा, मूल्यांकन यांतली कोणतीही पायरी गाळली तर पूर्ण लिलाव कोसळू शकतो. घाई करणाऱ्या अध्यक्षांना हे वारंवार सांगावे लागते.

बँकेचे कर्ज, मयत सदस्य आणि न विकलेले फ्लॅट

थकबाकीदाराच्या फ्लॅटवर गृहकर्ज असेल तर बँकेचा हक्क प्रबळ असतो, आणि बँक स्वतःच फ्लॅट ताब्यात घेऊन विक्रीस काढू शकते. अशा वेळी सोसायटीने बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला आपले येणे खातेउताऱ्यासह लिलावाआधीच कळवावे, म्हणजे खरेदीदाराला ते माहीत होते. सदस्यत्व हस्तांतरित करताना ती रक्कम मागता येते. कर्ज चालू असताना बँकेला नुसते पत्र लिहिल्यानेही कधी कधी काम होते, कारण तारण मालमत्तेवर जप्ती आलेली कोणत्याही शाखेला नको असते. साधी विक्री होत असली तरी तोच नियम : थकबाकी भरल्याशिवाय हस्तांतरण नोंदवू नये. कलम ४७ प्रमाणे सदस्याच्या संस्थेतील हितसंबंधावर संस्थेच्या येण्याचा पहिला बोजा असतो.

सदस्य मयत असेल तर त्याच्या नावाने नोटीस काढून उपयोग नाही. नामनिर्देशित व्यक्ती आणि माहीत असलेले सर्व वारस यांना नोटीस द्यावी. वारसांत वाद असेल तर तो मिटेपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सदस्य करून घेण्याची सोय तेरा-ब प्रकरणात आहे, आणि तिचा उपयोग केल्यास निदान बिल कोणाच्या नावाने काढायचे हा प्रश्न सुटतो.

बिल्डरकडे पडून असलेल्या फ्लॅटचा खर्च बिल्डरनेच द्यायचा असतो. तो देत नसेल तर प्रकल्प रेरामध्ये, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखाली, नोंदलेला असल्यास त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडे, म्हणजे महारेराकडे, अन्यथा सहकार न्यायालयात दाद मागण्याचा विचार करावा. येथे वकिलाचा सल्ला घेणे इष्ट.

आपणच थकबाकीदार असाल तर

नोटीस आली की सर्वप्रथम खातेउतारा मागावा, आणि वर दाखवलेल्या रीतीने व्याज स्वतः मोजून पाहावे. जी रक्कम मान्य आहे ती लगेच भरावी व वादग्रस्त रकमेबाबत लेखी हरकत द्यावी; "हरकत राखून" असे पत्र देऊन पूर्ण रक्कम भरणेही चालते. संस्थेच्या ठरावांच्या प्रती लेखी अर्ज व फी देऊन मागता येतात. सुनावणीची तारीख चुकवू नये, कारण गैरहजेरीत दाखला निघाला की नंतरची वाट महाग आहे : दाखल्याविरुद्ध अपील होत नाही, कलम १५४ खाली दोन महिन्यांत पुनरीक्षण अर्ज करावा लागतो, तो दाखल करून घेण्यासाठी वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के संस्थेकडे आधी जमा करावे लागतात, आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी विभागीय सहनिबंधकांचे कार्यालय नाशिकला आहे. त्यापुढे उच्च न्यायालयात जायचे झाले तर छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. वीस-तीस हजारांच्या वादासाठी या दोन गावांच्या खेपा कोणालाच परवडत नाहीत.

खरोखर अडचण असेल, पीक गेले असेल, पगार थांबला असेल, तर हप्त्यांची लेखी विनंती करावी. समितीने ती मान्य केली तर हप्त्यांच्या तारखा, चालू महिन्याचे बिल त्यासोबतच भरण्याची अट, आणि एक हप्ता चुकल्यास अर्जाची कारवाई पुन्हा सुरू होईल हे त्याच पत्रात लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. व्याज माफ करण्याचा अधिकार मात्र एकट्या सेक्रेटरीला किंवा अध्यक्षांना नाही. तसे करायचे असेल तर विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवून ठराव घ्यावा, नाही तर पुढच्या लेखापरीक्षणात ती रक्कम समितीकडे मागितली जाण्याचा संभव राहतो.